वॉरंटाचा पत्ता

मडगावच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे आले. त्यांच्या चिरंजीवांनी काही वर्षांपूर्वी ग्वाल्हेरजवळच्या एका कारखान्यात नोकरी केली होती. सध्या ते परदेशी असतात. एके दिवशी दुपारी गुरुजींना दूरध्वनी आला. 'ग्वाल्हेरच्या न्यायालयाने तुमच्या मुलाच्या नावे अजामीनपात्र वॉरंट काढले आहे, संध्याकाळपर्यंत रक्कम भरा, नपेक्षा घरी पोलीस येतील', असे हिंदीतून दरडावून सांगण्यात आले. गुरुजींनी पैसे भरले नाहीत, हे त्यांचे शहाणपण. परंतु त्यांना झोपही आली नाही. त्यांनी आम्हांस एवढेच विचारले आहे, की असे वॉरंट खरोखर आहे की नाही, हे एखाद्या सामान्य माणसाने पाहावे तरी कोठे?

प्रश्न साधा आहे, आणि तो एकट्या गुरुजींचा नाही. खुद्द ग्वाल्हेरात २०२५ साली एका आश्रमाची जबाबदारी सांभाळणाऱ्या संन्याशाला अशाच खोट्या 'डिजिटल अटके'त सव्वीस दिवस ठेवून सुमारे अडीच कोटी रुपये उकळण्यात आले. त्याआधी टेकनपूरच्या सीमा सुरक्षा दलातील एक निरीक्षक महिनाभर या जाळ्यात अडकून ७० लाखांहून अधिक रक्कम गमावून बसले. एक विरक्त, दुसरा खाकी वर्दीतला. कायद्याच्या कागदापुढे दोघांचीही मती सारखीच गुंग झाली. कागद कसा असतो आणि कोठे राहतो हे ठाऊक नसले, म्हणजे त्याची नुसती आवईसुद्धा कागदाइतकीच जरब बसवते.

ग्वाल्हेर आम्हां किनारपट्टीवासीयांना परके नाही. महादजी शिंद्यांच्या पदरी जिवबादादा बक्षी केरकर आणि लखबादादा लाड ही सारस्वत मंडळी मोठेपणास चढली. दौलतरावांच्या छावणीचे पुढे 'लष्कर' हे शहर झाले आणि तेथे मराठी घरे पिढ्यान्पिढ्या नांदली. पोटापाण्यासाठी आजही इकडची मुले तिकडे जातात. तेव्हा गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर ग्वाल्हेरचेच उदाहरण घेऊन देणे उचित होईल.

प्रथम कायदा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्या ७२व्या कलमानुसार अटकेचे वॉरंट लेखी असावे लागते, त्यावर न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाची मोहोर असावी लागते, आणि ज्या न्यायालयाने ते काढले त्याने रद्द करीपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते अमलात राहते. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने वॉरंटाचा आशय सांगितला पाहिजे व मागणी केल्यास ते दाखविले पाहिजे, असे ७७वे कलम म्हणते. समन्स आता इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावता येते, हे खरे. परंतु दूरध्वनीवरून अटक करण्याची किंवा पैसे घेऊन वॉरंट मिटविण्याची तरतूद कोणत्याही कलमात नाही. म्हणून असा दूरध्वनी आला की पहिला प्रश्न विचारावा तो हा: कोणत्या न्यायालयाचे, कोणत्या क्रमांकाच्या खटल्यातले? खऱ्या वॉरंटाला खटला असतो, खटल्याला क्रमांक असतो आणि क्रमांकाला न्यायालय असते. ठगाचे वॉरंट बेवारशी असते.

आता शोध. अमेरिकेत कित्येक परगण्यांचे शेरीफ थकीत वॉरंटांची यादीच लोकांसमोर ठेवतात. आपल्याकडे नागरिकांसाठी तशी एकत्रित यादी नाही, म्हणून खटल्याच्या नोंदीतूनच वॉरंटाकडे जावे लागते. 'ई-कोर्ट्‌स' या सरकारी संकेतस्थळावर राज्य, जिल्हा व न्यायालय-संकुल निवडून पक्षकाराचे नाव आणि वर्ष, गुन्हा क्रमांक, खटल्याचा क्रमांक किंवा वकिलाचे नाव, यांपैकी कशानेही शोध घेता येतो. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो हाती आला की एका दमात सगळा इतिहास दिसतो: केव्हा तारीख होती, कशासाठी होती, पुढची कधी. तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशी काय घडले याची नोंद बहुधा उघडते, आणि वॉरंट काढल्याचा उल्लेख असेल तर तो तेथेच सापडतो. आपण ज्यास रोजनामा म्हणतो त्यास तिकडे आदेशपत्रिका म्हणतात आणि तारखेला पेशी. एवढे लक्षात असले म्हणजे गडबड होत नाही. उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठातील प्रकरणे मात्र मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या स्वतंत्र संकेतस्थळावर पाहावीत.

येथे एक खाचखळगा आहे. 'ग्वाल्हेरचा कारखाना' म्हणजे ग्वाल्हेर जिल्ह्यातला कारखाना, असे नव्हे. मालनपूरची औद्योगिक वसाहत ग्वाल्हेर शहराला लागून असल्यासारखीच आहे, पण जिल्हा भिंड. बानमोरची वसाहत मुरैना जिल्ह्यात. स्वतः ग्वाल्हेर जिल्ह्यातही डबरा आणि भितरवार येथे तहसील पातळीवरची न्यायालये आहेत. म्हणजे ग्वाल्हेर शहराच्या न्यायालयात नाव सापडले नाही म्हणून निःश्वास टाकणे घाईचे ठरेल. गुरुजींच्या चिरंजीवांचा कारखाना मालनपूरचा, हे त्यांच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत होते. आम्ही त्यांना भिंड जिल्ह्यातही पाहावयास कळविले.

नावाचा घोटाळा तर विचारूच नका. आपले आडनाव इंग्रजी लिपीत तिकडच्या कारकुनाने कसे लिहिले असेल, याचा नेम नाही. संकेतस्थळाला नावाची पहिली तीन अक्षरे पुरतात, तेव्हा नाव तोडून, उलटसुलट करून पाहावे. नाव जुळले तरी घाबरू नये. वडिलांचे नाव आणि पत्ता जुळतो का ते तपासावे. एकाच नावाची दोन माणसे ही आपल्या समाजात नवलाची गोष्ट नव्हे.

आणि शोधाची मर्यादाही सांगितली पाहिजे. नावाने शोध घेतला तर पक्षकार सापडतात, साक्षीदार नव्हे. समन्स जुन्या पत्त्यावरून परत गेल्यामुळे एखाद्या साक्षीदाराविरुद्ध वॉरंट निघाले असेल तर ते असे दिसणार नाही. त्यासाठी गुन्हा क्रमांक हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशामुळे, नाजूक प्रकरणे वगळता, प्रथम खबरी अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर चढविणे बंधनकारक आहे. त्याचा येथे उपयोग होतो. लैंगिक अत्याचार किंवा अल्पवयीन मुले यांच्या प्रकरणांत नावे झाकलेली असतात, आणि ते योग्यच आहे.

संकेतस्थळावरचा मजकूर हा माहितीपुरता. खरा आधार सही-शिक्क्याच्या नकलेचा. आदेशाची ज्याला झळ लागते त्याला अर्ज करून व फी भरून त्या आदेशाची नक्कल मिळण्याचा हक्क संहितेच्या ४०४व्या कलमाने दिला आहे. त्रयस्थाला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे कारण दाखवून अर्ज करावा लागतो. माहिती अधिकाराचा अर्ज येथे चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुजरातच्या प्रकरणात सांगून टाकले. एवढ्यासाठी मडगावहून ग्वाल्हेरची वारी करण्याचे कारण नाही. तेथील वकिलामार्फत हे काम होते. ज्यांना वकील परवडत नाही अशांना, ते पात्र असल्यास, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३०.

वॉरंट खरेच निघाले असेल तर? तर दडी मारू नये. मध्य प्रदेशात फरारी मानलेल्या आरोपीविरुद्ध निघणाऱ्या वॉरंटास 'स्थायी वारंट' म्हणतात, आणि ते वर्षानुवर्षे ठाण्याच्या दप्तरात जिवंत राहते. वकिलामार्फत त्याच न्यायालयात रद्द करण्यासाठी अर्ज द्यावा, समन्स मिळाले नव्हते हे पुराव्यानिशी दाखवावे. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि अखेरीस अजामीनपात्र, ही पायरी सर्वसाधारणपणे पाळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले आहे. त्याचा आधार घेता येतो.

परंतु वॉरंट रद्द झाले म्हणजे संकट टळले, असेही समजू नये. मुंबईतील एका वकिलावरील वॉरंट न्यायालयाने रद्द केले असताना, त्याचा लेखी पुरावा त्या क्षणी जवळ नव्हता म्हणून, पोलिसांनी त्यांस अटक केली. दिवस होता १५ ऑगस्ट २००२! उच्च न्यायालयाने संबंधित निरीक्षकास पदरचे दोन हजार रुपये भरावयास लावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ साली त्या न्यायालयाने निर्देश दिले: वॉरंट छापील व अनुक्रमांकित नमुन्यावर असावे, प्रत्येक न्यायालयाने वॉरंटांची नोंदवही ठेवावी, बजावणीची मुदत लिहावी, रद्द झालेल्या वॉरंटाची खबर पोलिसांस जावी. म्हणून रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल खिशात बाळगावी, असा आमचा वाचकांस सल्ला आहे. स्वतंत्र देशातील नागरिकाला असा सल्ला द्यावा लागतो, हे आम्हांस रुचत नाही.

किंबहुना आमची तक्रार येथेच आहे. नोंदवही ठेवावयाची आहे, अनुक्रमांक घालावयाचा आहे, खटल्याचा इतिहास संकेतस्थळावर चढतोच आहे. मग त्याच पानावर 'वॉरंट क्रमांक अमुक, काढले, बजावले, रद्द' एवढी एक ओळ ठळकपणे का येऊ नये? शोधात असलेला आरोपी सावध होईल, हा आक्षेप तपासापुरता आम्ही मान्य करतो. परंतु ज्या खटल्यात आरोप दाखल होऊन तारखा पडत आहेत, तेथे वॉरंटाचा आदेश उघड न्यायालयातच झालेला असतो. कोणत्या कागदावर धरलेत, हे विचारण्याची सोयसुद्धा आणीबाणीत नागरिकास उरली नव्हती, आणि १९७६ साली ज्या निकालाने ती नाकारली तो जबलपूरच्याच नावाने ओळखला जातो. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुसून टाकला. विचारण्याचा हक्क परत आला आहे. उत्तर मिळण्याची खिडकी अद्याप अर्धीच उघडी आहे.

गुरुजींचे दुसरे पत्र परवा आले. ग्वाल्हेर शहर, डबरा, भितरवार आणि भिंड जिल्ह्यातील गोहद, सर्व ठिकाणी शेजारच्या मुलीने त्यांना शोधून दिले. चिरंजीवांचे नाव कोठेही नाही. तो दूरध्वनी क्रमांक त्यांनी पोलिसांकडे दिला आहे आणि आता त्यांना विचारावयाचे आहे ते असे, की १९९८ साली म्हापशाच्या न्यायालयात त्यांनी दिलेल्या साक्षीची नक्कल अजून मिळेल काय.