सुगंध दिवसभर टिकावा कसा?

सणासुदीच्या दिवशीं सकाळीं अत्तराचा फाया कानांत ठेवून माणूस घराबाहेर पडतो, आणि दुपारच्या जेवणापूर्वींच त्या सुगंधाचा मागमूसही राहात नाहीं, असा अनुभव पुष्कळांना येतो. अत्तर हलकें होतें, दुकानदारानें फसविलें, असा तर्क मग लगेच केला जातो. किंवा दुसऱ्या दिवशीं दुप्पट अत्तर अंगावर ओतलें जातें. हे दोन्ही मार्ग बहुधा चुकीचे ठरतात. उडून जाणें हा सुगंधाचा दोष नसून तो त्याचा धर्मच आहे. तो उडाला नाहीं तर नाकापर्यंत पोहोंचणारच नाहीं. तेव्हां सुगंध उडूं कसा नये, हा प्रश्न नव्हे. तो सावकाश कसा उडावा, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचें उत्तर कोल्हापूरकरांच्या देव्हाऱ्यांत दरवर्षीं येऊन बसतें. चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. गुलाल-खोबऱ्याबरोबर देवाला दवणा वाहण्याची तेथें चाल आहे. प्रसाद म्हणून घरीं आणलेली दवण्याची काडी वाळून कोळ झाली, तरी बोटांनीं चुरगाळतांच तिचा वास पुन्हा जागा होतो. बकुळीच्या फुलांचीही तीच गोष्ट. वाळलेली बकुळ पेटींत घातली तर लुगड्यांच्या घड्यांना कित्येक महिने वास येत राहतो. उलट, अंबाबाईच्या देवळाबाहेर घेतलेला मोगऱ्याचा गजरा संध्याकाळीं घरभर दरवळतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांत कांहींही उरत नाहीं. गोडव्यांत मोगरा दवण्याला हार जाणार नाहीं. परंतु टिकाऊपणांत दवणा त्याला मागें टाकतो.

हा फरक पडतो तो गंधद्रव्यांच्या रेणूंमुळें. ओलें धोतर दांडीवर वाळत असतें, तेव्हां त्यांतील पाणी कांहीं उकळत नसतें. तरीही तें हळूहळू हवेंत निघून जातें. सुगंधी द्रव्येंही अशींच उडतात. ज्यांचे रेणू हलके, तीं लवकर उडतात. ज्यांचे जड, तीं रेंगाळतात. लिंबा-संत्र्याच्या सालींत लिमोनीन नांवाचें द्रव्य असतें. त्याचा रेणुभार १३६ असून तें सुमारें १७६ अंश सेंटिग्रेड उष्णतेस उकळतें. चंदनाच्या तेलांतील सँटॅलॉल या द्रव्याचा रेणुभार २२०, आणि त्याला उकळण्यास ३०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणूनच लिंबाचा वास क्षणांत चमकून जातो आणि सहाणेवर उगाळलेल्या गंधाचा वास कपाळावर रेंगाळतो. पाउचर नांवाच्या इंग्रज सुगंधशास्त्रज्ञानें १९५५ सालीं अनेक गंधद्रव्यांस त्यांच्या उडण्याच्या गतीप्रमाणें एकापासून शंभरापर्यंत अंक दिले. त्यांत चंदनतेलाला शेवटचा, म्हणजे शंभराचा अंक मिळाला आहे.

कोणत्याही चांगल्या सुगंधी मिश्रणांत या हिशेबानें तीन थर असतात. पहिला थर लिंबू, संत्रें यांसारख्या चपळ द्रव्यांचा. तो बाटली उघडतांच मन प्रसन्न करतो आणि पाव-अर्ध्या तासांत निघून जातो. दुसरा थर बहुधा फुलांचा. तो कांहीं तास सोबत करतो. तिसरा थर चंदन, वाळा, ऊद, राळ अशा जड द्रव्यांचा असून तो शेवटपर्यंत राहतो व वरच्या दोन थरांनाही थोडेंफार धरून ठेवतो. दुकानांत उभ्या उभ्या वास घेऊन केलेली खरेदी पुष्कळदां पस्तावा देते, तिचें कारण हेंच आहे. ग्राहक पहिल्या थरावर भाळतो, आणि घरीं मात्र तिसरा थर घेऊन येतो.

ही गोष्ट आपल्याकडील जुन्या गंध्यांनीं पक्की ओळखली होती. उत्तर हिंदुस्थानांतील कनोज येथें अत्तर काढण्याची रीत आजही पाहावयास मिळते. तांब्याच्या मोठ्या डेगेंत फुलें व पाणी घालून ती चुलीवर चढवितात. तींतून निघालेली सुगंधी वाफ बांबूच्या नळींतून भपका नांवाच्या भांड्यांत उतरते, आणि त्या भपक्यांत आधींच चंदनाचें तेल घातलेलें असतें. फुलांचा चंचल गंध त्या तेलांत विरघळून स्थिरावतो. भाजलेल्या मातीचें अत्तर तेथें याच रीतीनें निघतें. पहिल्या पावसाचा वास कुपींत कोंडतां येतो तो चंदनतेलाच्या बळावर. कनोजच्या या अत्तरास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे.

दक्षिणेंतही या विद्येचा मोठा आदर होता. कोल्हापूरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक होते, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाच्या उपभोगांचें वर्णन करतांना त्यांत स्नान, विलेपन आणि धूप यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. हा क्रम मोठा मार्मिक आहे. आधीं अंग स्वच्छ, मग त्यावर लेप, आणि केसांना व वस्त्रांना धूप. सुगंध टिकविण्याच्या सर्व युक्त्या या तीन शब्दांत येऊन जातात.

त्यांतील पहिली पायरी स्नानाची. घामेजल्या अंगावर लावलेलें अत्तर घामाच्या वासाशीं झगडत बसतें आणि दोहोंचा मिळून तिसराच वास तयार होतो. स्नानानंतर अंग कोरडें करावें. परंतु त्वचा अगदीं रुक्ष राहूं देऊं नये. गंधद्रव्यें पाण्यापेक्षां तेलांत अधिक चांगलीं विरघळतात, म्हणून स्निग्ध त्वचेवर सुगंध जास्त वेळ राहतो आणि कोरड्या त्वचेवरून तो झटकन् उडतो. दिवाळीच्या अभ्यंगाचा सुवास दिवसभर अंगाला येत राहतो, त्याचें मर्मही येथेंच आहे. आधीं तेल मुरतें, आणि मग नागरमोथा, वाळा, कचोरा, चंदन यांचें उटणें त्यावर चोळलें जातें. रोज अभ्यंग शक्य नसलें, तरी जेथें अत्तर लावावयाचें तेथें आधीं खोबरेल तेलाचें बोट किंवा बिनवासाचें मलम हलकेंच चोळल्यास बरेंच काम होतें.

दुसरी पायरी म्हणजे जागेची निवड. मनगट, मान या ठिकाणीं त्वचा उबदार असते. तेथें सुगंध चटकन् फुलतो, पण संपतोही लवकर. कोपराची आंतली बाजू कांहींशी झांकलेली असल्यामुळें तेथें तो अधिक वेळ राहतो. एक थेंब उघड्या जागीं आणि एक झांकलेल्या जागीं, असा विभाग करणें शहाणपणाचें. मनगटावर अत्तर लावून दोन्ही मनगटें एकमेकांवर घांसण्याची अनेकांस संवय असते. त्या घर्षणानें त्वचा तापते व पहिला थर अकाली उडून जातो. लावून तसेंच वाळूं देणें बरें.

तिसरी पायरी वस्त्रांची. कापडाला अंगाची ऊब कमी लागते, त्यामुळें सुती व लोकरी कापडावर सुगंध त्वचेपेक्षां जास्त काळ टिकतो. परंतु रंगीत अत्तराचा डाग रेशमावर कायमचा बसूं शकतो. पैठणी किंवा शालू यांवर अत्तर थेट टाकण्यापेक्षां त्याचा फाया रुमालाच्या घडींत ठेवावा. ट्रंकेंत वाळ्याची जुडी, वाळलेली बकुळ किंवा केवड्याचें पान ठेवण्याची जुनी रीत यासाठींच होती. विलायती पद्धतीच्या बाटल्यांत बहुधा मद्यार्क असतो. त्यांतील सुगंधी तेलाचें प्रमाण कोलनवॉटरमध्यें शेंकडा दोन ते पांच, तर दाट प्रकारांत शेंकडा पंधरा-वीस किंवा त्याहूनही अधिक असतें. म्हणून पहिल्याचा वास तास-दोन तास आणि दुसऱ्याचा सहा-आठ तास राहतो. अशा बाटलीचा फवारा निरांजन, उदबत्ती किंवा चूल यांच्याजवळ कधींही मारूं नये, कारण मद्यार्क पेट घेतो. दागिनेही मागाहूनच घालावे. मोत्यांचें तेज अशा फवाऱ्यानें मंदावतें. आणि ज्या दागिन्यांच्या पोटांत लाख भरलेली असते, त्यांस मद्यार्क विशेष घातक, कारण लाख त्यांत विरघळते. कोल्हापुरी साज गळ्यांत घालणाऱ्या स्त्रियांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

ऋतूंचा विचारही येथें महत्त्वाचा आहे. वैशाखाच्या उन्हांत घामही येतो आणि सुगंधही वेगानें उडतो. त्या दिवसांत वाळा, चंदन, गुलाब असे सौम्य गंध थोड्या प्रमाणांत लावून दुपारीं एकदां पुन्हा लावणें हेंच युक्त. थंडींत त्वचा फुटते व तींतील स्निग्धता कमी होते. तेव्हां आधीं तेल लावून हिना, ऊद, शमामा असे उष्ण मानलेले गंध वापरावे. वाग्भटानेंही आपल्या ऋतुचर्येंत थंडीसाठीं केशर, कस्तुरी व अगुरु, आणि उन्हाळ्यासाठीं चंदन सांगितलें आहे. पावसाळ्याच्या दमट हवेंत वास अधिक ठळक भासतो; त्या दिवसांत हात आंखडता घ्यावा.

आतां सर्वांत फसवें प्रकरण म्हणजे स्वतःचें नाक. एकच वास सतत येत राहिला, तर कांहीं मिनिटांतच नाक त्याची दखल घेईनासें होतें. गुळाच्या अडत्याला गुळाचा वास येत नाहीं आणि तेल्याला घाण्याचा येत नाहीं, तसेंच अत्तर लावणाराचें होतें. त्याला वाटतें, सुगंध संपला. भोंवतालच्यांना मात्र तो चांगलाच येत असतो. अशा वेळीं पुन्हा बाटली उपडी करणें म्हणजे शेजाऱ्याला शिक्षा करण्यासारखें आहे. दम्याचे रोगी, अर्धशिशीनें त्रस्त झालेलीं माणसें आणि तान्हीं मुलें यांना उग्र वासाचा खराच त्रास होतो, भरलेली एस्.टी., नाट्यगृह आणि इस्पितळ येथें त्यांना दूरही सरकतां येत नाहीं. सुगंध गेला कीं राहिला, हें घरांतील दुसऱ्या माणसाला विचारून ठरवावें, किंवा मोकळ्या हवेंत थोडा वेळ जाऊन यावें. हातभर अंतरावर जाणवेल इतका सुगंध पुरेसा समजावा.

त्वचेचीही काळजी घेतली पाहिजे. नवीन सुगंध प्रथम हाताच्या आंतल्या बाजूस थेंबभर लावून एक-दोन दिवस पाहावें. खाज किंवा लाली आल्यास तो सोडून द्यावा. बर्गमाट जातीच्या लिंबाच्या तेलांत बर्गाप्टीन नांवाचें द्रव्य असतें. तें लावून उन्हांत गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात, आणि ते महिनोन्महिने जात नाहींत. तसे सुगंध उघड्या मानेवर लावून उन्हांत हिंडूं नये.

कुपी ठेवण्याची जागाही पारखून घ्यावी. ऊन, उष्णता आणि हवा हे सुगंधाचे तीन शत्रू होत. खिडकींत किंवा न्हाणीघरांत ठेवलेली बाटली लवकर बिघडते. हवेशीं संयोग होऊन कांहीं द्रव्यें त्वचेला बाधकही बनतात. घट्ट बुचाची, गडद रंगाची लहान कुपी कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवावी. मोठी बाटली अर्धी झाल्यावर उरलेलें अत्तर लहान कुपींत भरल्यास आंत हवेला जागा राहात नाहीं.

अखेरचा प्रश्न खऱ्या-खोट्याचा. चंदनाचें झाड दुसऱ्या झाडांच्या मुळांतून कांहीं अन्न घेऊन वाढतें, आणि त्याचा सुगंधी गाभा भरण्यास कित्येक वर्षें जातात. पहिल्या महायुद्धानें जर्मनीकडे जाणाऱ्या चंदनाची वाट बंद केली, तेव्हां म्हैसूर संस्थानानें १९१६ सालीं स्वतःचा तेलाचा कारखाना काढला. पुढें तोड व चोरी इतकी वाढली कीं, १९९८ सालीं हें झाड जागतिक संकटग्रस्त यादींत गेलें. चंदनतेल महागल्यामुळें पुष्कळ अत्तरांत आतां त्याच्या जागीं द्रव पॅराफीन किंवा तत्सम स्वस्त द्रव्यें वापरतात. तेलकटपणा सारखाच दिसतो, पण पायाचा गंध नसल्यामुळें सुगंध लवकर संपतो.

याची साधी पारख घरींच करतां येते. टिपकागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकावा, आणि तासाभरानें, संध्याकाळीं व दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिचा वास घ्यावा. डाग राहिला पण वास गेला, तर त्या अत्तरांत पाया नव्हता, असें समजण्यास हरकत नाहीं. डागाबरोबर मंद सुवासही राहिला, तर तें अत्तर विकत घेण्यास योग्य. एका पट्टीच्या खर्चांत महिन्याच्या खर्चांतील मोठी रक्कम वांचते.

स्वच्छ अंग, तेलाचें बोट, योग्य जागीं पडलेला एक थेंब आणि दुपारीं लागलाच तर खिशांतील फाया, एवढ्या तयारीवर सकाळचा सुगंध दिवेलागणीपर्यंत पोहोंचतो. जास्त अत्तरानें तो दूरवर जाईल, पण जास्त वेळ राहीलच असें नाहीं.