विश्लेषण : जपानी पॉप म्हणजे अमेरिकी संगीताची नक्कल?

इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, बेस, मध्येच रॅप... जपानी पॉप अर्थात ‘जे-पॉप’ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यातले बरेच काही ओळखीचे वाटते. वेगळी वाटते ती फक्त भाषा. म्हणूनच ‘जपानने अमेरिकेची नक्कल केली’ हा आरोप अनेक दशके होत आला आहे. तो पूर्ण खोटा नाही. पण गाण्यांचा इतिहास पाहिला, तर ‘नक्कल’ हा शब्द अपुरा पडतो.

आरोपाला आधार काय?

जपानमध्ये जॅझ १९२०च्या दशकातच पोहोचला होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे संगीत म्हणून त्यावर बंदी आली. युद्ध संपले आणि १९४५ ते १९५२ या काळात देश अमेरिकी नेतृत्वाखालील दोस्तांच्या लष्करी अमलाखाली राहिला. अमेरिकी तळांवरील क्लबमध्ये रोज रात्री वादक लागत. जपानी तरुण तिथे जॅझ आणि कंट्री वाजवू लागले. सैनिकांना आवडेल तेच वाजवायचे, कारण पोट त्यावरच होते. याच पिढीतून पुढचा संगीत व्यवसाय उभा राहिला. १९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘वातानाबे प्रॉडक्शन’ या मोठ्या कंपनीचे संस्थापक शिन वातानाबे हे जॅझमधील बेसवादक होते. गायिका एरी चिएमी १९५२ मध्ये ‘टेनेसी वॉल्ट्झ’ या अमेरिकी गाण्याच्या जपानी-इंग्रजी आवृत्तीने लोकप्रिय झाली. सुरुवात उसनवारीतून झाली, हे जपानी संगीतकारही नाकारत नाहीत.

मग जपानी काय उरले?

याचे उत्तर एका गाण्यात मिळते. क्यू साकामोतोचे ‘उए ओ मुइते आरुको’ जपानमध्ये १९६१ मध्ये आले आणि जून १९६३ मध्ये अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याचे संगीतकार हाचिदाई नाकामुरा जॅझ पियानोवादक होते आणि वाद्यमेळही पाश्चात्त्य होता. चालीचा मुख्य भाग मात्र ‘योनानुकी’ या पाच सुरांच्या सप्तकात बसतो. ‘योनानुकी’ म्हणजे चौथा आणि सातवा सूर वगळलेला. मराठी श्रोत्याला हे समजायला सोपे आहे : मध्यम आणि निषाद वर्ज्य असलेला आपला भूप याच पाच सुरांचा.

गंमत म्हणजे हे सप्तकही ‘शुद्ध जपानी’ नाही. १८८०मध्ये जपान सरकारने शालेय गाण्यांसाठी बोस्टनहून ल्यूथर व्हायटिंग मेसन या संगीत शिक्षकाला बोलावले होते. पाश्चात्त्य सप्तक जपानी कानाला रुचेल असे करताना योनानुकी रुजले. म्हणजे ज्याला परंपरा म्हणावे, तीही मिश्रणातूनच घडली.

शब्द कोणाचे, दुःख कोणाचे?

या गाण्याचे कवी रोकुसुके एई यांच्या मनात १९६०चे आंदोलन होते. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरोधात लाखो जपानी रस्त्यावर उतरले, तरीही करार झाला. त्या निराशेतून शब्द आले. अमेरिकी धोरणाने दिलेली खंत अमेरिकेकडून घेतलेल्या वाद्यमेळात गायली गेली आणि अमेरिकेने ती डोक्यावर घेतली. पण मूळ नाव उच्चारायला अवघड म्हणून परदेशात गाण्याचे नाव ठेवले गेले ‘सुकियाकी’. हा मांसाचा एक जपानी पदार्थ आहे, त्याचा गाण्याशी काहीच संबंध नाही. ब्रिटनमधल्या एका रेकॉर्ड कंपनीने दिलेले हे नाव अमेरिकेतही चिकटले.

जपानमध्ये यावर वाद झाला का?

झाला, आणि जोरदार. १९७०-७१च्या सुमारास ‘रॉक कोणत्या भाषेत गायचे’ यावर संगीतकारांतच जुंपली. युया उचिदा यांचे म्हणणे होते की, जपानी भाषा रॉकच्या ठेक्यावर बसत नाही आणि जग गाठायचे तर इंग्रजीच हवी. ‘हॅपी एंड’ या बँडने उलट मार्ग धरला. त्यांचा १९७१चा ‘काझेमाची रोमान’ हा अल्बम अमेरिकी फोक-रॉकच्या वळणाचा होता, पण शब्द जपानी आणि वर्णन बदलत्या टोकियोचे. पुढचे जपानी रॉक आणि पॉप बहुतांशी याच वाटेने गेले.

प्रवाह उलटा कधी वाहू लागला?

‘हॅपी एंड’मधील हारुओमी होसोनो यांनी १९७८मध्ये र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांच्यासह ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ सुरू केला. सिंथेसायझरवर उभे असलेले त्यांचे संगीत अमेरिकेत पोहोचले. त्यांच्या ‘बिहाइंड द मास्क’वर मायकल जॅक्सनने काम केले, ती आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतर २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. एरिक क्लॅप्टननेही १९८६मध्ये हे गाणे गायले.

‘सिटी पॉप’ची कथा आणखी बोलकी आहे. अमेरिकी सोल आणि फंक ऐकत वाढलेल्या जपानी कलाकारांनी १९७०-८०च्या दशकांत हा प्रकार घडवला. तात्सुरो यामाशिता यांनी तर १९७६चा पहिला एकल अल्बम न्यू यॉर्क आणि लॉस एंजलिसमध्ये रेकॉर्ड केला. मारिया ताकेउची यांचे १९८४चे ‘प्लास्टिक लव्ह’ २०१७नंतर यूट्यूबमुळे जगभर पसरले. २०१९मध्ये अमेरिकी रॅपर टायलर, द क्रिएटरने यामाशितांच्या ‘फ्रॅजाइल’चा आधार घेतला. २०२२मध्ये कॅनडाच्या द वीकेंडने तोमोको आरान यांच्या १९८३च्या गाण्याचा तुकडा ‘आउट ऑफ टाइम’मध्ये वापरला.

मग नक्कल म्हणायचे की नाही?

वाद्ये, ठेका आणि स्वरसंगतीच्या रचना जपानने अमेरिकेकडून घेतल्या, यात शंका नाही. मात्र घेतलेल्या साच्यात भाषा, चाल आणि अनुभव स्वतःचे भरले. अमेरिकी संगीत तरी कुठे एकट्याचे आहे? जॅझ आणि ब्लूज कृष्णवर्णीयांनी घडवले, त्यात आफ्रिकेची लय आणि युरोपची वाद्ये आहेत.

जपान ही अमेरिकेनंतरची जगातील दुसरी मोठी संगीत बाजारपेठ आहे. घरचा श्रोता एवढा मोठा असल्याने तिथल्या कलाकाराला अमेरिकेसारखे गाण्याची सक्ती नाही. २०२३मध्ये ‘योआसोबी’चे ‘आयडॉल’ हे जपानी गाणे बिलबोर्डच्या अमेरिका वगळून उर्वरित जगाच्या यादीत पहिले आले. साठ वर्षांपूर्वी साकामोतोच्या गाण्याला परदेशात दुसरे नाव घ्यावे लागले होते. आता तशी गरज उरलेली नाही.