गणित बरोबर, आटे वेगळे

प्रोग्राम अगदी छोटा आहे. पासवर्डपासून एईएस या कूटलेखन पद्धतीची किल्ली तयार करायची, मजकूर कुलूपबंद करायचा आणि फाइलमध्ये ठेवायचा. दुसऱ्या संगणकावर तो विनातक्रार चालतो. तुमच्या लिनक्सवर मात्र कंपायलर सगळं मुकाट्याने वाचून घेतो आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर, तुकडे एकत्र जोडणारा लिंकर पडदाभर ओळी ओकतो. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू', त्यापुढे 'क्रिप्टोपीपी', त्यापुढे भलंमोठं नाव आणि त्या नावाच्या पोटातच चौकटी कंसात 'एबीआय : सीएक्सएक्स११'. ज्या फंक्शनच्या नावाने ही बोंब आहे ते लायब्ररीत आहे, मॅन्युअलमध्येही आहे. तरी लिंकर म्हणतो, नाही.

आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

क्रिप्टो प्लस प्लस ही सी प्लस प्लस भाषेत लिहिलेली कूटलेखनाची जुनी, भरवशाची लायब्ररी. वेई दाय यांनी ती १९९५ साली खुली केली. (इथर या कूटचलनाच्या सर्वांत छोट्या एककाला 'वेई' म्हणतात, ते याच गृहस्थांवरून.) एईएस, आरएसए, शा कुटुंबातली हॅश फंक्शन्स, सगळं तिच्यात आहे. लायब्ररीशी बोलताना प्रोग्राम बऱ्याचदा 'स्ट्रिंग' देतो-घेतो. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ ठेवायचा सी प्लस प्लसचा तयार साचा. हा साचा ना क्रिप्टो प्लस प्लसचा, ना तुमचा. तो कंपायलरसोबत येणाऱ्या मूलभूत लायब्ररीतून येतो, आणि भांडणाचं मूळ तिथेच आहे.

एप्रिल २०१५ मध्ये जीसीसी या कंपायलरची पाचवी आवृत्ती आली आणि स्ट्रिंगची आतली मांडणीच बदलली. त्याआधीची स्ट्रिंग ६४-बिट यंत्रावर अवघी ८ बाइटची. आत एकच पत्ता, खरी अक्षरं दुसरीकडे. एका स्ट्रिंगची प्रत काढली तर अक्षरांची प्रत निघत नसे. दोघी एकाच साठ्याकडे बोट दाखवत आणि कोणी बदल करायला गेलं तरच साठा वेगळा होई. २०११ च्या सी प्लस प्लस मानकाने असे नियम घातले की ही काटकसर चालेना. नवी स्ट्रिंग ३२ बाइटची झाली. तिच्यात पत्ता, लांबी आणि पंधरा अक्षरांपर्यंतचा छोटा मजकूर तिथल्या तिथे ठेवायची जागा आहे.

जुन्या कंपायलरने बांधलेली लायब्ररी आणि नव्याने बांधलेला प्रोग्राम एकत्र आणणं म्हणजे इंची आट्यांच्या बोल्टवर मेट्रिक नट चढवणं. दोन्ही पोलादाचे, दोन्ही आपापल्या जागी निर्दोष. मूळ सोर्स कोडमध्ये एका अक्षराचाही फरक नसतो. फरक असतो तो यंत्रभाषेत उतरताना कुठली गोष्ट किती बाइटवर ठेवायची, या करारात. त्या कराराला म्हणतात एबीआय, म्हणजे ॲप्लिकेशन बायनरी इंटरफेस.

जीसीसीच्या मंडळींनी इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. सी प्लस प्लसचा कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या नावात ते कुठल्या प्रकारची माहिती घेतं हे गुंफून ठेवतो. जुनी स्ट्रिंग त्या गुंफणीत 'एस-एस' एवढ्या दोन अक्षरांत उरकायची. नवी त्यांनी 'सीएक्सएक्स११' नावाच्या वेगळ्या नेमस्पेसमध्ये टाकली, त्यामुळे तिची गुंफण लांबलचक आणि मुख्य म्हणजे वेगळी झाली. फंक्शन काय परत देतं याची नोंद मात्र साध्या फंक्शनच्या नावात नसते. म्हणून नवी स्ट्रिंग परत देणाऱ्या फंक्शनांवर त्यांनी तो चौकटी कंसातला शिक्का मारला. जुळत नसेल तर नावंच जुळू द्यायची नाहीत, असा हा बंदोबस्त. लिंकर जी आरडाओरड करतो ती मुद्दाम योजलेली आहे. मला तरी तो गेल्या काही वर्षांतला सर्वांत उपकारक 'एरर' वाटतो.

कारण बंदोबस्ताला भोकं आहेत. स्वतः बनवलेल्या स्ट्रक्चरच्या पोटात स्ट्रिंग असेल, तर त्या स्ट्रक्चरचं आकारमान बदलतं, नाव बदलत नाही. क्रिप्टो प्लस प्लसमध्ये स्वतःच्या कॉन्फिग फाइलचं आणखी एक त्रांगडं आहे. तिथल्या काही सेटिंग्जवर, उदाहरणार्थ असेंब्ली भाषेतले वेगवान तुकडे वापरायचे की नाही यावर, आतल्या वस्तूंची मांडणी ठरते. लायब्ररी एका सेटिंगने आणि प्रोग्राम दुसऱ्या सेटिंगने बांधला तर लिंकरला कळायला मार्ग नाही. सगळं जोडलं जातं. मग नशीब बरं असेल तर प्रोग्राम सुरू होताच कोसळतो.

नशीब बरं नसेल तर तो चालतो, आणि कूटलेखनाचं दुखणं इतर प्रोग्रामांपेक्षा वेगळं आहे ते इथेच. फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रामने चुकीच्या जागचे बाइट उचलले तर चित्र विस्कटलेलं दिसतं. हिशेबाच्या प्रोग्रामची बेरीज चुकली तर कोणी तरी ओरडतं. कूटलेखनाचं उत्तर मात्र बरोबर असलं तरी कचऱ्यासारखंच दिसायला हवं. एईएसने चांगलं काम केलं याची खूण म्हणजे निकालात कुठलाही आकृतिबंध नसणं. समजा, मांडणीच्या घोळामुळे प्रोग्रामने किल्लीऐवजी शेजारचे सोळा शून्य बाइट उचलले. बाहेर पडलेली फाइल तितकीच अगम्य दिसेल. तोच प्रोग्राम ती फाइल उलगडताना पुन्हा तेच शून्य उचलेल आणि मजकूर जसाच्या तसा परत देईल. 'टेस्ट पास'. कुलूप लागलेलं दिसतं, उघडतंही, फक्त ते कोणाच्याही किल्लीने उघडतं.

मग हा जोडजुळणीचा धंदा हवाच कशाला, सगळं एकाच फाइलमध्ये कोंबून का टाकू नये, असं कोणी विचारेल. काही जण तसं करतातही. पण एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या दुसऱ्या कूटलेखन लायब्ररीतली 'हार्टब्लीड' ही त्रुटी उघड झाली, तेव्हा सामायिक लायब्ररी वापरणाऱ्यांनी एक पॅकेज बदललं, सेवा पुन्हा सुरू केल्या आणि नव्या किल्ल्या-प्रमाणपत्रांच्या कामाला लागले. ज्यांच्या प्रोग्रामांत लायब्ररी आतच चिणलेली होती, त्यांना आधी तसे प्रोग्राम शोधून काढावे लागले, मग प्रत्येक नव्याने बांधावा लागला. सामायिक लायब्ररीचा फायदा आणि तिची डोकेदुखी एकाच गोष्टीतून येतात. ती तुमच्या पाठीमागे बदलू शकते.

दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायचा ओपनएसएसएच हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा या 'पाठीमागे' प्रकारावर काडीचा विश्वास नाही. त्यांचा प्रोग्राम सुरू होताना पहिल्यांदा दोन आकडे ताडून बघतो: बांधताना हेडर फाइलमध्ये ओपनएसएसएलची कुठली आवृत्ती होती आणि आत्ता स्मृतीत आलेली लायब्ररी स्वतःची कुठली सांगते. जुळलं नाही तर 'ओपनएसएसएल व्हर्जन मिसमॅच' असा संदेश, दोन्ही आकडे, आणि बाहेर. एके काळी ही तपासणी इतकी कडक होती की किरकोळ दुरुस्तीनंतरही दार बंद व्हायचं, आणि दूरच्या सर्व्हरवर जायचा रस्ताच एसएसएच असल्यामुळे दुरुस्तीला आत शिरणार कसं, हाही प्रश्नच. पुढे ती थोडी सैल केली. ओपनएसएसएलने २०१६ साली १.१.० आवृत्तीत दुसरा उपाय केला. आतली बहुतेक स्ट्रक्चर्स झाकून टाकली. आता प्रोग्रामने आरएसएच्या किल्लीच्या आत थेट हात घालायचा नाही, फंक्शनला विचारायचं. जुने प्रोग्राम धडाधड बांधता येईनासे झाले आणि त्या वेळी शिव्या पुष्कळ पडल्या, पण लायब्ररीला आतली मांडणी बदलायची मोकळीक मिळाली.

शिव्यांची दुसरी फेरी २०२२ साली. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीत ओपनएसएसएल ३ आलं आणि जुनं १.१ गेलं. त्याच्या भरवशावर बांधलेले प्रोग्राम 'लिबएसएसएल १.१ सापडत नाही' म्हणून अडले. यावर लगेच जुगाड निघाले. पहिला म्हणजे नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक देणं. हा फसतो, कारण लोडर फक्त फाइलचं नाव बघत नाही. आतल्या फंक्शनांवरचे आवृत्तीचे शिक्केही बघतो आणि 'ओपनएसएसएल १.१.०' हा शिक्का नाही म्हणून पुन्हा अडवतो. दुसरा जुगाड म्हणजे जुन्या उबुंटूचं पॅकेज हाताने आणून बसवणं. हा चालतो, आणि म्हणूनच जास्त घातक. नव्या उबुंटूच्या अपडेटच्या यादीत ती लायब्ररी नसते, आणि १.१.१ ची मूळ प्रकल्पाकडून मिळणारी सर्वसाधारण देखभालही सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामला असलं ठिगळ खपून जाईल. ज्याचं कामच राखण करायचं, त्याला नाही.

अशी तक्रार आली की सोर्स कोड उघडायच्या आधी 'एलडीडी' चालवावं. प्रोग्राम कुठली लायब्ररी कुठल्या डिरेक्टरीतून उचलतोय ते ही आज्ञा दाखवते. (अनोळखी प्रोग्रामवर मात्र ती चालवू नये, काही परिस्थितीत ती तो प्रोग्राम सुरू करू शकते.) निम्म्या वेळा उत्तर इथेच सापडतं. उबुंटूने दिलेली क्रिप्टो प्लस प्लस 'यूएसआर'खाली, कोणी तरी नंतर स्वतः बांधलेली 'यूएसआर-लोकल'खाली. हेडर एकीचे, लायब्ररी दुसरीची. 'एनएम' या आज्ञेने लायब्ररीतली गुंफलेली नावं काढली की सीएक्सएक्स११ चा शिक्का आहे की नाही ते दिसतं. नसेल तर लायब्ररी जुन्या कराराची. जीसीसीला एका मॅक्रोने जुनाच करार पाळायला सांगता येतं, पण मग साखळीतल्या प्रत्येक तुकड्याने तो पाळायला हवा. त्यापेक्षा सगळं एकाच कंपायलरने, एकाच सेटिंगने पुन्हा बांधावं. डेबियन आणि उबुंटूने २०१५ मध्ये हेच केलं आणि नव्याने बांधलेल्या लायब्ररींच्या पॅकेजनावांना 'व्ही५' असं शेपूट लावलं, म्हणजे जुनी आणि नवी चुकूनही एक समजली जाऊ नयेत.

क्रिप्टो प्लस प्लससोबत तिची स्वतःची चाचणी येते, 'क्रिप्टेस्ट डॉट ईएक्सई'. लिनक्सवरही तिचं नाव हेच, विंडोजचं शेपूट तसंच ठेवून. ती पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण ती लायब्ररीसोबत त्याच कंपायलरने, त्याच सेटिंगने बांधलेली असते; तिचे आटे जुळणारच. चाचणी तुमच्या प्रोग्रामच्या आत हवी, प्रोग्राम ज्या मार्गाने किल्ली लायब्ररीकडे देतो त्याच मार्गाने केलेली. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने २००१ साली एईएसचं मानक प्रसिद्ध केलं, त्याच्या परिशिष्टात सोडवलेली उदाहरणं आहेत. किल्ली ०० पासून ०एफ पर्यंत क्रमाने, मजकूर ००, ११, २२ असा एफएफपर्यंत. उत्तराची सुरुवात ६९ सी४ ई० डी८ अशी झालीच पाहिजे. प्रोग्राम सुरू होताना हे एक उदाहरण सोडवून बघायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पहिला बाइट ६९ आला नाही, तर खरी फाइल उघडण्याआधीच प्रोग्रामने थांबावं आणि हेडरच्या आणि लायब्ररीच्या आवृत्तीचे आकडे पडद्यावर टाकावेत.