किसनजींचा छापखाना

हे पुस्तक तुमच्या हातात आहे. ते आधी कोणी तरी लिहिले. कोणी तरी छापले. मग ते कुहीला आले. लिहिणारा एक, छापणारा दुसरा, अशी रीत असते. पण आपल्याच नागपूर जिल्ह्यात एक गृहस्थ असे होऊन गेले, की त्यांनी दोन्ही कामे अंगावर घेतली. त्यांची हकीकत आम्ही सांगतो.

त्यांचे नाव किसन फागूजी बनसोड. जन्म 1879 सालचा. गाव मोहपा, नागपूरच्या पलीकडे, कळमेश्वर तालुक्यात. घर महाराचे. त्या काळी अस्पृश्यांना विहिरीवर पाणी नव्हते, देवळात पाऊल नव्हते. शाळेतही दूर बसावे लागे. अशा दिवसांत किसनजी शिकले.

त्यांना पुष्कळ सांगायचे होते. पण छापणार कोण? छापखाने दुसऱ्यांचे, वर्तमानपत्रेही दुसऱ्यांची. ज्याचा छापखाना, त्याचा शब्द! म्हणून 1910 साली किसनजींनी स्वतःचा छापखाना काढला.

तेव्हा छपाई कशी होई? शिशाची सुटी अक्षरे असत. त्यांना खिळे म्हणत. खिळ्यावर अक्षर उलटे असे, तेव्हा कुठे कागदावर ते सुलटे उमटे. एकेक खिळा उचलून ओळ लावायची. हे काम करणारा तो जुळारी. मग ओळींवर शाई फिरवायची आणि वर कागद दाबायचा. झाले पान! हल्ली ही जुळणी संगणकावर होते.

किसनजींनी चार वर्तमानपत्रे काढली. 1910 साली ‘निराश्रित हिंद नागरिक’. 1913 साली ‘विटाळ विध्वंसक’, म्हणजे विटाळ मोडून काढणारा. 1918 साली ‘मजूर पत्रिका’. नागपुरात तेव्हा कापडाच्या गिरण्या होत्या. हे पत्र मजुरांचे. पुढे 1931 साली ‘चोखामेळा’. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले ते 1920 साली. म्हणजे किसनजींचे पहिले पत्र त्याच्या दहा वर्षे आधीचे.

ही पत्रे फार वर्षे चालली नाहीत. एक थांबले की किसनजी दुसरे काढीत. त्या काळी वाचणारे होतेच किती? 1911 सालच्या शिरगणतीत देशात शंभरांत सहाच माणसे साक्षर होती.

ज्याला वाचता येत नाही, त्याला गाणे ऐकता येते, नाटक पाहता येते. आपल्याकडे दंडार पाहायला सारा गाव लोटतो की नाही? किसनजींनी गाणी लिहिली, नाटकही लिहिले. चोखोबांवर त्यांची फार भक्ती. चोखोबांना पंढरीच्या देवळाबाहेर राहावे लागले, तरी त्यांचे अभंग घरोघर गेले.

1935 साली बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. ती किसनजींना पटली नाही. त्यांनी आपले मत उघड मांडले. 1946 साली ते वारले.

आता एक करा. कोणत्याही पुस्तकाची पहिली पाने उघडा. तिथे ‘प्रकाशक’ आणि ‘मुद्रक’ असे शब्द सापडतील. पुस्तक काढणारा तो प्रकाशक, छापणारा तो मुद्रक. त्यांची नावे वाचा. तो शब्द कोणी आपल्यापर्यंत आणला, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे.