घरात धान्य, हाती पैसा नाही
महामंदीच्या काळात अमेरिकी शेतकरी कुटुंब कसे जगत होते?

महामंदी म्हटले की, न्यूयॉर्कचा कोसळलेला शेअर बाजार, दारे लावून घेतलेल्या बँका आणि फुकट सूपासाठी लागलेल्या शहरी बेकारांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. मात्र, १९३० मध्ये अमेरिकेची लोकसंख्या सुमारे १२ कोटी ३० लाख होती आणि त्यातील जवळपास एक चतुर्थांश माणसे शेतावर राहत होती. त्यांची मंदी निराळी होती. शहरातल्या बेकाराला रोजच्या भाकरीची चिंता होती. शेतकऱ्याच्या घरात दूध, अंडी, भाजी, मांस होते; पण कर्जाचा हप्ता आणि जमिनीवरील कर भरायला रोकड नव्हती. पोट भरलेले असूनही घर हातचे जाऊ शकते, हा त्या काळातील शेतकरी जीवनाचा खरा पेच होता.

युद्धकाळातील कर्जाचे ओझे

या संकटाची मुळे १९२९ च्याही मागे जातात. पहिल्या महायुद्धात युरोपातील शेती उद्ध्वस्त झाली आणि अमेरिकी गव्हाचा भाव बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोला, दोन डॉलरच्या वर गेला. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, ट्रॅक्टर आणले, पिढ्यान् पिढ्या न नांगरलेली गवताळ माळराने नांगराखाली आणली. युद्ध संपले, युरोपची शेती सावरली आणि १९२० नंतर भाव घसरू लागले. १९३२ मध्ये गव्हाचा सरासरी भाव ४० सेंटच्याही खाली होता. कापूस १९२९ मध्ये पौंडाला १७ सेंटच्या आसपास होता, तो दोन वर्षांत सहा सेंटांवर आला.

याचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. समजा, एका कुटुंबाचा वर्षाचा हप्ता २०० डॉलरचा आहे. गव्हाला दोन डॉलर भाव असताना १०० बुशेल विकले की तो भागत असे. भाव ४० सेंटांवर आल्यावर त्याच हप्त्यासाठी ५०० बुशेल लागू लागले. कर्जाचा आकडा तसूभरही बदलला नव्हता, तरी त्याचे ओझे पाचपट झाले होते. तूट भरून काढण्यासाठी प्रत्येकाने अधिक पिकवायचे ठरवले, बाजारात आणखी माल आला आणि भाव आणखी पडले. मध्य-पश्चिमेकडील आयोवा, नेब्रास्का या राज्यांत मक्याची किंमत इतकी उतरली की, काही घरांत कोळसा विकत घेण्यापेक्षा चुलीत मका जाळणे परवडू लागले.

पहाटेपासून रात्रीपर्यंत

त्या काळी शहरांत बहुतेक घरांत वीज होती. शेतांवर मात्र शंभरात जेमतेम दहा घरांत. कुटुंबाचा दिवस त्यामुळे पहाटे कंदिलाच्या उजेडात, गोठ्यातच सुरू होई. गाई हाताने पिळायच्या, दूध हाताने फिरवायच्या यंत्रात घालून मलई वेगळी काढायची, उरलेले पातळ दूध डुकरांना आणि वासरांना घालायचे. पाणी पवनचक्कीने किंवा हातपंपाने उपसून बादल्यांनी घरात आणावे लागे. अंडी गोळा करणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, चुलीसाठी लाकडे व मक्याची वाळलेली कणसे आणणे ही मुलांची कामे. ती उरकून, डबा म्हणून चरबीची किंवा पाकाची रिकामी डबकी घेऊन, मुले एका खोलीच्या शाळेत पायी जात. तेथे एकच शिक्षिका आठही इयत्तांना शिकवी. पेरणी-कापणीच्या दिवसांत मोठ्या मुलांची शाळा आपोआप बुडे.

सोमवार हा बहुधा धुण्याचा दिवस. पाणी तापवायचे, घासपट्टीवर कपडे घासायचे, पिळायचे; यातच दिवस मावळे. साबणही घरचाच, डुकराची चरबी आणि कॉस्टिक सोडा एकत्र शिजवून केलेला. उन्हाळ्यात बागेतल्या शेंगा, टोमॅटो, फळे काचेच्या बरण्यांत भरून, उकळत्या पाण्यात ठेवून हवाबंद केली जात. तळघरातल्या फळ्यांवरच्या या बरण्यांच्या रांगा हीच कुटुंबाची हिवाळ्याची शिदोरी होती. थंडी पडली की डुक्कर कापून त्याचे मांस मीठ लावून व धुरी देऊन टिकवीत.

रोकड येण्याची एक वाट बाईच्या हाती होती. शनिवारी कुटुंब गावात जाई तेव्हा अंडी आणि मलई विकून साखर, कॉफी, रॉकेल आणि मुलांचे बूट घेतले जात. पिकाच्या पैशावर बँकेचा डोळा असल्याने अनेक घरांचा रोजचा खर्च या ‘अंड्यांच्या पैशां’वरच भागत असे. जमाखर्चाच्या वहीत ज्याला क्वचितच स्थान मिळे, त्या श्रमावर संसार तगून होता.

कपड्यांची गोष्टही अशीच. पीठ आणि कोंबड्यांचे खाद्य कापडी पोत्यांतून येई. बायका ती उसवून, धुऊन त्यांचे परकर, झबली, उशांचे अभ्रे शिवीत. उसवलेला दोराही गुंडाळून ठेवीत. हे लक्षात आल्यावर गिरण्यांनी फुलाफुलांच्या नक्षीची पोती काढली, कारण गिऱ्हाईक आता पिठाइतकेच पोत्याच्या छपाईकडे पाहून माल निवडू लागले होते.

आपल्याकडील इर्जिकीसारखी प्रथा तेथेही होती. मळणीचे यंत्र एकट्याला परवडत नसल्याने शेजारी गट करून ते आळीपाळीने एकेकाच्या शेतावर नेत. पुरुष मळणीला, बायका वीस-पंचवीस माणसांच्या स्वयंपाकाला. हीच एकजूट पुढे निराळ्या प्रसंगी कामी आली.

पेनीचा लिलाव

हप्ता थकला की बँक जमीन, जनावरे आणि अवजारे लिलावात काढी. १९३० च्या दशकाच्या आरंभी नेब्रास्का, आयोवा आदी राज्यांत शेजाऱ्यांनी त्यावर एक तोड काढली. सारा परिसर लिलावाला लोटे. घोड्याला पाच सेंट, नांगराला दहा सेंट अशी बोली लागे आणि तिच्यावर कोणी चढी बोली करीत नसे. बाहेरचा कोणी धजावलाच, तर गर्दीची नजर आणि कधी कोठाराला टांगलेला दोराचा फास त्याला गप्प करी. काही डॉलरांत सुटलेला सारा माल मूळ मालकाला परत दिला जाई. हेच ते ‘पेनी ऑक्शन’.

असंतोष नेहमीच इतक्या शिस्तीत राहिला नाही. १९३२ मध्ये मायलो रेनो यांच्या नेतृत्वाखालील ‘फार्मर्स हॉलिडे असोसिएशन’ने माल बाजारात न नेण्याचे आंदोलन पुकारले. आयोवातील सू सिटीभोवतालचे रस्ते अडवले गेले, दुधाचे कॅन रस्त्यावर ओतले गेले. एप्रिल १९३३ मध्ये त्याच राज्यातील ल मार्स येथे जमावाने न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना न्यायालयातून ओढून नेले आणि जप्तीचे आदेश देणार नाही असे वदवून घेण्यासाठी त्यांच्या गळ्यात फास अडकवला. त्यांचा जीव वाचला. पण त्या भागात लष्करी अंमल जारी करावा लागला.

धुळीची वर्षे

भावाचे संकट कमी होते म्हणून की काय, निसर्गही फिरला. कॅन्ससचा पश्चिम भाग, कोलोरॅडोचा पूर्व भाग, न्यू मेक्सिकोचा ईशान्य कोपरा आणि ओक्लाहोमा व टेक्सासचे चिंचोळे पट्टे येथे वर्षानुवर्षे अवर्षण पडले. माती धरून ठेवणारे गवत आधीच नांगरून टाकलेले होते. वाऱ्याबरोबर शेतेच उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी आलेल्या वादळाने भरदिवसा काळोख केला. तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. बायका खिडक्यांना ओल्या चादरी लावीत, ताटे जेवण वाढेपर्यंत पालथी ठेवीत आणि सकाळी घरातली माती फावड्याने बाहेर काढीत. धुळीने होणाऱ्या न्यूमोनियाने मुले व वृद्ध दगावले. चारा संपल्यावर जनावरांना काटेरी रानझुडपे घातली गेली.

डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेल्या ‘मायग्रंट मदर’ या छायाचित्रामुळे आणि जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीमुळे हा काळ म्हणजे स्थलांतर, असे समीकरण झाले. लाखो लोक घरे सोडून गेले हे खरेच. तरीही धुळीच्या पट्ट्यातील बहुसंख्य कुटुंबे पुढच्या पावसाच्या आशेवर तेथेच राहिली.

सरकारी उपाय आणि सुटलेली माणसे

मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. भाव वाढवायचे तर माल कमी हवा, या तर्काने सुमारे एक कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरला गेला, सुमारे ६० लाख डुकरे व पिले मारली गेली. लोक उपाशी असताना अन्नाचा नाश होत असल्याने गदारोळ उठला. मक्यासाठीची योजना अधिक शहाणपणाची होती. शेतकऱ्याने मका शेतावरच तारण ठेवायचा आणि बुशेलमागे ४५ सेंट कर्ज घ्यायचे. भाव चढला तर मका विकून कर्ज फेडावे, न चढला तर मका सरकारजमा. किमान भावाची हमी देण्याचाच हा प्रकार.

या मदतीचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. दक्षिणेत कापसाखालील क्षेत्र घटवण्याचे पैसे जमीनमालकांच्या हाती पडले आणि जमीन पडीक ठेवायची म्हणून वाट्याने शेती करणाऱ्या असंख्य कुळांना, त्यातही कृष्णवर्णीयांना, हुसकावण्यात आले. १९३४ मध्ये आर्कान्सामध्ये काळ्या-गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन संघटना उभारली, ती याच अन्यायातून.

टिकाऊ ठरली ती दोन कामे. मृदातज्ज्ञ ह्यू बेनेट यांच्या पुढाकाराने १९३५ मध्ये मृदसंधारण सेवा सुरू झाली, समपातळी नांगरट रुजली आणि १९४२ पर्यंत वारा अडवण्यासाठी सुमारे २२ कोटी झाडे लावली गेली. त्याच वर्षी ग्रामीण विद्युतीकरणाचे काम हाती घेण्यात आले आणि सहकारी संस्थांमार्फत तारा शेतांपर्यंत पोहोचल्या. ज्या घरात पाण्याची प्रत्येक बादली बाईच्या हाताने येत होती, तेथे विजेचा पंप आला.

या मंदीची झळ भारतालाही बसली. १९२८ ते १९३४ या काळात येथील गव्हाचे भाव निम्म्याने उतरले, वसाहती सरकारने शेतसारा मात्र सोडला नाही. कर्ज आणि सारा भागवण्यासाठी घराघरांतून सोने बाहेर पडले. मुंबई प्रांतात शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा व्हायला १९३९ साल उजाडले.

मंदीतून गेलेल्या त्या पिढीच्या काटकसरीचे आजही कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पोत्याच्या झबल्यांनी, बरण्यांतल्या भाजीने मुले जगली. परंतु काटकसरीने ४० सेंटांच्या गव्हाचे दोन डॉलर होत नाहीत. शेतकऱ्याचे कष्ट त्याचे पोट भरू शकतात. घर राखायचे तर भाव, कर्ज आणि माती यांची काळजी त्याच्या एकट्याच्या माथी मारून चालत नाही.