पाल्यातली प्रथिने : लसूणघास की चवळी?

म्हशीच्या तोंडचा घास काढून प्रथिने कशाला, असे शेतकरीबंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण घास जातो कुठे? कोवळा पाला कुटून रस पिळायचा, रस उकळीपर्यंत तापवला की दुधासारखा नासतो. हिरवा साका गाळून घ्यायचा. वाळवल्यावर त्यात निम्म्याच्या आसपास प्रथिने. मराठवाडा विद्यापीठात डॉ. आर. एन. जोशींनी यावर बरेच काम केले. चोथ्यातही प्रथिने उरतात, तो त्याच दिवशी जनावरांपुढे टाका, नाहीतर आंबतो.

बारमाही पाणी असेल तर लसूणघासच. एका पेरणीत दोन-तीन वर्षे कापण्या चालतात. कोरडवाहूला चवळी बरी, मात्र फुलोऱ्याआधी कापा, जून पाल्यातून प्रथिन नीट उतरत नाही. सुबाभूळ नकोच, त्यात मिमोसीन हे विषारी द्रव्य असते. भेंडीसारखा बुळबुळीत पाला तर गळतच नाही.