उंची अंगवळणी पडते कशी?

हिमालयातल्या लांब ट्रेकची तयारी म्हणून आपण कळसूबाई करतो, रोज जिने चढतो-उतरतो. ते हवंच. पाठीवर सॅक घेऊन उतरण्याचा सराव तर आवर्जून करावा, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि मग दुखतात. पण कळसूबाई 1646 मीटर, तर एव्हरेस्ट बेस कॅम्प 5364 मीटर. तिथे हवेचा दाब जवळपास निम्मा, म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्माच.

शरीर लगेच श्वास वाढवतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडं बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून हा तोल सावरतात, पण त्याला काही दिवस लागतात. म्हणूनच बेस कॅम्पच्या वाटेवर 3440 मीटरवरच्या नामचे बाजारात एक दिवस जादा मुक्काम करतात. 3000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर वर जाऊ नका. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ताबडतोब खाली उतरा. हा त्रास तंदुरुस्त माणसालाही होतो. त्यामुळे रजा टाकतानाच दोन दिवस जास्तीचे धरा.